जत्रेतले विमान आणि पडद्यावरचा ताजमहाल

जत्रा म्हटली की आधी देव आठवावा, हे रीतीला धरून झाले. पण चाळिशी ओलांडलेल्या कोणालाही जरा खासगीत विचारून पाहा. त्याला आधी आठवतो तो देवळामागचा माळ, धुरळ्यात पेटलेल्या बत्त्या, भेळेचा वास आणि कर्ण्यातून येणारा घोगरा आवाज. आणखी थोडे खोदून विचारलेत, तर तो चित्रांवर येईल. तंबूवर ताणलेली वाघाची झेप, अर्धी बाई नि अर्धा नाग, जळत्या कड्यातून निघालेला मोटारसायकलवाला आणि फोटोवाल्याच्या राहुटीतला तो निळा-गुलाबी ताजमहाल! पाळण्यात किती वेळा बसलो, हे त्याला सांगता येणार नाही. पण वाघाला दात किती होते, ते तो हाताने करून दाखवील.

ही चित्रे काढली कोणी, आणि ती गेली कुठे? या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे. बोलायचे आहे ते मुख्यतः शिरूर आणि दौंड या तालुक्यांविषयी, कारण तिथल्या जत्रा मला माहीत आहेत. पण सातारा, सोलापूर किंवा नगरकडच्या वाचकाने गावांची नावे बदलून वाचले तरी चालेल. माळ सगळीकडे सारखाच होता.

आरंभी थोडे साता समुद्रांपलीकडे जाऊ. १९५५ सालच्या १७ जुलैला अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड उघडले. लहानथोरांनी तिकीट काढून आत जावे आणि दिवसभर एका बनावट पण देखण्या जगात हिंडावे, अशी ही योजना. त्या उद्यानातल्या एकेका खेळाची मोठमोठी भित्तिचित्रे तयार करण्यात आली. रेशमी जाळीतून एकावर एक रंग उतरवून ती छापत. आज त्या जुन्या चित्रांसाठी तिकडचे शौकीन लिलावात हजारो डॉलर मोजतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, उद्यान उभे राहण्यापूर्वी, १९५३ च्या सप्टेंबरात, हर्ब रायमन नावाच्या चित्रकाराने भांडवलवाल्यांना दाखवण्यासाठी दोन दिवसांत या कल्पित उद्यानाचा एक नकाशा काढून दिला होता. तो मूळ कागद २०१७ साली लिलावात सात लाख आठ हजार डॉलरना गेला. आपल्या हिशेबाने सुमारे साडेचार कोटी रुपये!

आपल्याकडे तसे उद्यान नव्हते, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या मुलांना १९५६ साली पेशवे उद्यानात फुलराणी मिळाली, आणि मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले ते १९८९ साली. पण खेड्यापाड्यांतल्या पोरांना एवढे थांबावे लागले नाही. त्यांच्याकडे असे उद्यान दरवर्षी बैलगाडीत आणि पुढे ट्रकमध्ये बसून आपण होऊन येत असे, दोनचार दिवस राही आणि पुढच्या गावी जाई.

भीमेच्या एका अंगाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या अंगाला दौंड. शिरूरला जुने लोक अजून घोडनदी म्हणतात. ते पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, तर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ ही दौंडकडची गावे पुणे–सोलापूर रस्त्यावर. दौंड तर मनमाड, सोलापूर आणि बारामती या तिन्हीकडे फाटे फुटणारे रेल्वेचे जंक्शन. म्हणजे फिरत्या माणसाला हा मुलूख सोयीचा. देवस्थानेही काही कमी नाहीत. रांजणगावचा महागणपती, कवठ्याची यमाई, मांडवगण फराट्याचा वाघेश्वर, यवतचा काळभैरवनाथ, कुरकुंभची फिरंगाई, चौफुल्याचा बोरमलनाथ. सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की माघापासून वैशाखापर्यंत एकामागून एक गावे जागी होत. फिरस्त्यांच्या डोक्यात या जत्रांचे सगळे पंचांग पक्के असे. आज या देवाजवळ, परवा त्या देवीजवळ.

या माळावर पाऊल टाकताच पहिला मान तमाशाचा. गावकऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्याच नारायणगावला जाऊन, तिथल्या राहुट्यांत बसून, फडाची सुपारी दिलेली असे. फड येण्याआधी त्याची पाटी येई. पाटीवर फडमालकाचे नाव, खाली वगाचे नाव, आणि त्या वगातला अगदी मोक्याचा प्रसंग चितारलेला. उगारलेली तलवार, पाया पडणारी सती, कोपऱ्यात खदखदा हसणारा दुष्ट प्रधान. वाचता न येणाऱ्या माणसालाही रात्री काय पाहायला मिळणार, ते समजत असे. अशी पाटी समजून घ्यायला पंडित असावे लागत नाही, पण रंगवणाऱ्याला मात्र सबंध वग ठाऊक असावा लागतो.

दुसरा मान तंबूतल्या सिनेमाचा. प्रोजेक्टर ट्रकवर, पडदा कनातीच्या टोकाला, आणि प्रेक्षक घरून आणलेल्या पोत्यावर किंवा सरळ मातीत. काही तंबूंत पडदा मधोमध टांगत, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. एका बाजूला सगळी अक्षरे उलटी दिसत, पण गोष्ट सुलटीच कळे. चित्रपटाबरोबर छापील पोस्टर आले तर ठीक, नाहीतर गावातल्या पेंटरला गाठून कापडावर नायक-नायिका उतरवून घ्यावे लागत. नायकाचा चेहरा नायकासारखा नाही आला तरी मिशी आणि कपाळावरची बट बरोबर आली म्हणजे भागत असे.

मग मौत का कुआ, आरसेमहाल आणि नागकन्या. या नागकन्येने मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांची झोप उडवली. बाहेरच्या फळीवर ती दहा फूट लांब, हिरव्या खवल्यांची, पुराणातून उतरलेली. आत गेल्यावर काय? आरसे आणि काळा पडदा यांच्या आडून वर काढलेले एका मुलीचे डोके आणि खाली कापडी शेपूट. ‘तू काय खातेस?’ असे विचारले, तर ती कंटाळलेल्या आवाजात ‘दूध’ म्हणायची. बाहेर आलेला माणूस फसलो म्हणून ओरडत नसे. तो पुन्हा त्या फळीसमोर उभा राहून चित्र पाहत असे. दोन आण्यांत, पुढे चार आण्यांत, त्याने जे विकत घेतले ते चित्रच होते. आतली मुलगी केवळ निमित्त होती.

या रंगांविषयी एक लक्षात ठेवायला हवे. आज कोणी ते पाहिले तर म्हणेल, ‘किती भडक!’ पण ते दिवसाच्या उजेडासाठी नव्हतेच. गॅसबत्तीच्या पांढऱ्या झोतात, धुळीच्या पडद्याआडून, शंभर पावलांवरून ते दिसायला हवेत, हा त्यांचा धर्म. तिथे मवाळ रंग लावणारा पेंटर उपाशी मेला असता.

ही विद्या त्यांनी शिकली कुठे? बहुतेक जण कोणत्याही कलाशाळेची पायरी चढलेले नव्हते. पण महाराष्ट्रात भिंतीभिंतीवर त्यांची शाळा भरत होती. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. तो पुढे पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. १९७२ साली तो कारखाना आगीत गेला, पण तोवर देवांचे चेहरे कायमचे ठरून गेले होते. दुसरी शाळा संगीत नाटकांच्या पडद्यांची. राजवाडा, अरण्य, रस्ता असे गुंडाळते पडदे रंगवता रंगवताच कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ दाखवला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या अगदी जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल हेही मुळात चित्रकार. १९२९ साली स्थापन झालेली त्यांची प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि १९३६ चा त्यांचा ‘संत तुकाराम’ तंबूतंबूंतून गावोगाव पोचला. म्हणजे ज्या हातांनी मराठी सिनेमा उभा केला, ते हात आधी कापडावर रंग फासत होते. खुद्द हुसेनसाहेबांनी तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. माळावरचे पेंटर याच घराण्यातले, पण धाकट्या पातीचे. तिसरी शाळा कॅलेंडरांची आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या सुंदरी शहरातल्या दिवाणखान्यात येत, आणि रद्दीतून निघालेल्या त्याच अंकावर चौकटी आखून तालुक्याचा पेंटर तीच सुंदरी दहा पट मोठी करी.

आता त्या फोटोवाल्याच्या पडद्याकडे वळू, कारण मला सांगायचे आहे ते त्याच्यापाशीच.

पडदा मांजरपाटाचा. पाट शिवून जोडायचे, लाकडी चौकटीवर ताणायचे, त्यावर खळ आणि सफेद्याचा हात द्यायचा. वाळल्यावर कोळशाने आखणी. रंग तेलात न कालवता सरसाच्या कोमट पाण्यात कालवायचे: पिवडी, हिरमुजी, नीळ, काजळ. तेलरंग गुंडाळला की तडकतो आणि दिव्याखाली चमकतो. सरसातला रंग मऊ राहतो आणि चमकत नाही. बांबूवर गुंडाळून, सुतळीने बांधून असा पडदा वर्षभर गावोगाव हिंडत असे. त्याला भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. वळवाचा एक सडाका आला, की ताजमहालाचा घुमट यमुनेत उतरलाच म्हणून समजा.

चित्रे ठरलेली. ताजमहाल, कमळांचे तळे, खांबांचा जिना, मागे डोंगर नि पुढे मोटार. फळीची कापलेली चंद्रकोरही असे आणि नव्या जोडप्याला तीवर बसवत. शिवाय सगळ्यांवर कडी करणारे ते लाकडी विमान! त्याच्या खिडक्या कोरलेल्या. मागे बाकावर चढून खिडकीतून तोंड बाहेर काढायचे, की सबंध कुटुंब आकाशात.

समोर तिकाटण्यावर लाकडी पेटीचा कॅमेरा. त्याला काळ्या कापडाची बाही. फोटोवाला बाहीतून हात आत घाली, आणि आतल्या आत औषधाच्या दोन पसरट भांड्यांत कागद धुऊन काढी. पहिली प्रत उलटी निघे, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे. मग तीच समोरच्या फळीवर अडकवून तिचा पुन्हा फोटो घ्यायचा, की उलट्याचे सुलटे होई. पाचदहा मिनिटांत ओला फोटो हातात. गंमत अशी की, इतक्या मेहनतीने निळा-गुलाबी रंगवलेला ताजमहाल त्यात करडा उतरे. रंग फक्त पाहणाऱ्याच्या आठवणीत राहत.

स्वातंत्र्यानंतरची तीनचार दशके हा या चित्रांचा बहर. पुढे रंगीत फिल्म आली, घरोघर दूरदर्शन आले, लग्नाला व्हिडिओवाला येऊ लागला. शेवटचा घाव फ्लेक्सचा. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत संगणकावरून छापलेले प्लॅस्टिकचे फलक तालुक्याच्या गावी पोचले, आणि जे काम पेंटर चार दिवसांत करी ते एका तासात, निम्म्याहून कमी पैशांत होऊ लागले. यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. फडमालकाला पैसा वाचवायचा होता, आणि उन्हातान्हात शिडीवर उभे राहून ज्याचे गुडघे गेले, त्या पेंटरनेही मुलाला आपला कुंचला देण्याऐवजी छपाईयंत्रासाठी कर्ज काढून दिले असेल, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? आजही चौफुल्याला कलाकेंद्रे आहेत, माळावर पाळणे फिरतात. तंबूतल्या सिनेमालाही फिल्मची रिळे जाऊन डिजिटल यंत्र आले. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणाऱ्या या सिनेमावाल्यांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. निदान त्यांची दखल जगाने घेतली. पेंटरची कोणी घेतली नाही.

डिस्नेलँडची चित्रे राहिली, कारण ती एका मालकाची होती. त्यांची नोंद होती, प्रती होत्या, कोठार होते. आपली चित्रे कोणाचीच नव्हती. पाटी जुनी झाली की तिच्यावरच सफेदा मारून नवा वग रंगवत. पडदा फाटला की त्याचे पोते शिवत. म्हणून संग्रहालयात जाऊन शोधाल तर हाती फारसे लागणार नाही.

पण ती सर्वस्वी नाहीशी झाली, असेही नाही. हे मला वर्गात कळले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्णन लिहिण्याचा सराव व्हावा म्हणून घरातला एखादा जुना फोटो आणायला सांगतो. बरीचशी मुले शिरूर-दौंडकडची. पहिल्या वर्षी मी चेहरे पाहिले. दुसऱ्या वर्षी चेहऱ्यांच्या मागे पाहू लागलो. दर दहाबारा फोटोंत एक तरी जत्रेतला. आणि तिथे, आजोबांच्या फेट्यामागे, आजीच्या पदराआडून, तो ताजमहाल, ते तळे, तो जिना!

भीमाकाठच्या एका मुलीने विमानातला फोटो आणला होता. खिडक्यांत तीन तोंडे. तिचे आजोबा, आजी आणि दोघांच्या मध्ये चारपाच वर्षांचा एक मुलगा. तो तिच्या वडिलांचा थोरला भाऊ. पुढच्याच पावसाळ्यात तापाने गेला. त्याचा दुसरा फोटो नाही. मुलीने चेहऱ्यांवर दोन ओळी लिहिल्या होत्या आणि विमानावर पानभर. पंख्याची पाती, पंखावरचे रिबिट, खाली काढलेले ढग आणि ढगांखाली इवलेसे एक देऊळ. तिने आजीला विचारले होते, ‘आजी, तू कधी विमानात बसलीस का गं?’ आजी म्हणाली, ‘बसलीया की! ह्यो काय फोटू.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘त्यो लई हसत हुता. फोटोवाला म्हनला, हलू नगं. मंग मी त्याचा हात धरून ठिवला.’

मी तो फोटो भिंगाखाली धरला. विमानाच्या शेपटीशी, अगदी कडेला, चार अक्षरे होती. शेवटी ‘पेंटर’ हा शब्द स्वच्छ वाचता येत होता. त्याच्या आधीचे नाव फोटोच्या बाहेर राहिले होते.

तेव्हापासून मला वाटते की, आपण ज्याला घरचा जुना फोटो म्हणतो, तो दोघांचा ठेवा आहे. पुढे बसलेल्या माणसांचा आणि मागे न दिसणाऱ्या त्या माणसाचाही. त्या कुटुंबाला विमान परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी एका पेंटरने ते कापडाफळीचे करून दिले, आणि एका आईला तिच्या मुलाबरोबर त्यात बसता आले. मुलगा गेला, पडदा गेला, पेंटर गेला. तळहाताएवढ्या कागदावर तिघेही आहेत. आपल्या जत्रांचे चित्रदालन कोठे असेल, तर ते असे घराघरांतल्या पत्र्याच्या ट्रंकांत वाटले गेले आहे. त्यातला एक कागद फाटला की एक भिंत पडली.

आणि तो शहरातल्या घरांतही आहे. आज पुण्यामुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीजणांची दुसरी पिढी या गावांतून एसटीत बसून आली! येताना तांब्याची घागर आणली, तसे हे फोटोही आणले. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून ट्रंक खाली येते. कोणी म्हणते, ‘हे कोण? ओळखू येत नाही. टाकून द्या.’ तिथे थोडे थांबावे, एवढीच माझी विनंती.

टाकू नये. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे आणि विचारावे, हे कोण, कोणत्या जत्रेत, कोणत्या साली. उत्तर फोटोच्या पाठीवर हलक्या हाताने शिसपेन्सिलीने लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. फोटो डिंकाने वहीत चिकटवू नये, कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवावा. मोबाइलवर त्याचे चित्र घ्यावेच, पण चेहऱ्यापुरते कापून घेऊ नये. चारी कडांसकट सबंध घ्यावे. त्या कडांवर पडदा आहे, चंद्रकोरीचे टोक आहे, पंखाचे शेवटचे रिबिट आहे.

आणि खालच्या कोपऱ्यात एकदा भिंग धरून पाहावे. एखाद्या फोटोत तरी ते नाव पुरते आत आले असेल.